दोन दीर्घिकासमूहांच्या मधल्या जागेत होकायंत्र नेलं तर?

प्रश्न डिचोली तालुक्यातल्या एका हायर सेकंडरीत फिजिक्स शिकवणाऱ्या सरांचा आहे. बारावीच्या वर्गात त्यांनी सांगितलं, की दीर्घिकांच्या, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या तारकानगऱ्यांच्या, दोन समूहांच्या मधल्या जागेतूनही रेडिओ लहरी येतात. त्यावर मुलांनी तीन प्रश्न विचारले. तिथे काहीच नाही, तर चुंबकत्व कुणाचं? ते दिसलं कसं? आणि तिथे होकायंत्र नेलं तर सुई हलेल का?

सर, होकायंत्राचा प्रश्न ज्या कुणी विचारला त्याला किंवा तिला आधी माझ्यातर्फे शाबासकी द्या. पंचवीसेक वर्षं मी याच विषयात काढली, त्यातली बरीचशी पुण्याजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीचा डेटा चाळण्यात. पण सुई किती वेळात फिरेल हे गणित तुमचा प्रश्न वाचेपर्यंत मी कधी मांडलंच नव्हतं. काल रात्री जेवण झाल्यावर पाठकोऱ्या कागदावर मांडलं, आणि उत्तर मलाही अपेक्षित नव्हतं असं निघालं. ते शेवटी सांगतो, कारण त्याला लागणारे आकडे आधी गोळा करावे लागतील.

‘तिथे काहीच नाही’ इथूनच घोळ सुरू होतो. दीर्घिकासमूह म्हणजे शेकडो, कधी हजारावर दीर्घिका गुरुत्वाकर्षणाने एकत्र धरलेल्या. पण फोटोत दिसणाऱ्या त्या दीर्घिका म्हणजे समूहाचा किरकोळ हिस्सा. त्यांच्या मधल्या जागेत जो तापलेला वायू भरलेला असतो, त्याचं वस्तुमान सगळ्या ताऱ्यांच्या कितीतरी पट भरतं, आणि कृष्णद्रव्य त्याहूनही जास्त. दोन समूह एकमेकांकडे ओढले जात असतील तर त्यांच्या मध्येही हा वायू असतो, फक्त जास्त विरळ.

किती विरळ? तुमच्या गच्चीवर पाण्याची हजार लिटरची टाकी असेल. ती म्हणजे बरोबर एक घनमीटर. टाकी रिकामी केली तर तिच्यात आपल्या नेहमीच्या हवेचे जेवढे रेणू मावतात तो आकडा लिहायला २५ च्या पुढे २४ शून्यं द्यावी लागतात. जवळ आलेल्या दोन समूहांच्या मधला वायू त्याच टाकीत भरला तर कण सापडतील काही शे. तेही अणू नव्हेत. अणू फुटून मोकळे झालेले प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन. तापमान काही कोटी अंश. तरी तिथे हात घातला तर चटका बसणार नाही, कारण चटका द्यायला कणच पुरेसे नाहीत. मुलांना हे सांगून बघा, तापमान आणि उष्णता यांतला फरक एका वाक्यात समजतो.

इलेक्ट्रॉन मोकळे आहेत म्हणून हा वायू विजेचा फार चांगला वाहक आहे. अशा वाहकात चुंबकीय क्षेत्र एकदा रुजलं की ते आपणहून विरायला विश्वाच्या वयापेक्षा जास्त काळ लागतो. वायू सरकला की क्षेत्ररेषा त्याच्याबरोबर सरकतात, वायू दाबला गेला की त्या दाटतात, वायू घुसळला की त्या पिळल्या जातात. म्हणजे चुंबक म्हणून तिथे कुठली वस्तू ठेवलेली नाही. वायूतच विजेचे प्रवाह आहेत, आणि क्षेत्र त्या प्रवाहांचं. पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे झालं. सुरुवातीला ते क्षेत्र तिथे रुजलं कसं, हा उरलेला अर्धा भाग. तो अजून मिटलेला नाही, त्याकडे नंतर येतो.

आता क्षेत्राचा जोर. आपल्या पायाखाली गोव्यात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण ०.४ गॉस आहे; गॉस हे क्षेत्र मोजायचं एकक. हे मोजायचं कामही वाटतं तितकं सोपं नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहांमुळे मोजमाप बिघडेल म्हणून कुलाब्याच्या चुंबकीय वेधशाळेची सोय १९०४ मध्ये अलिबागला करावी लागली होती. दीर्घिकासमूहाच्या आत क्षेत्र असतं काही मायक्रोगॉस, म्हणजे गॉसचे काही दशलक्षांश. दोन समूहांच्या मधल्या पुलात मायक्रोगॉसचाही काही अंश. आणि विश्वातल्या दीर्घिका ज्या जाळ्यात ओवलेल्या आहेत त्या जाळ्याच्या लांब तंतूंमध्ये त्याहून कमी, तीसेक नॅनोगॉसच्या घरात (एक नॅनोगॉस म्हणजे मायक्रोगॉसचा हजारावा भाग). पूल वेगळा, तंतू वेगळा. वर्तमानपत्रांत या दोन्हींची खिचडी होते, आणि खरं सांगायचं तर आमच्या शोधनिबंधांच्या प्रस्तावनांतही होते. पूल म्हणजे लवकरच एकमेकांवर आदळणाऱ्या दोन शेजाऱ्यांमधला चिरडला जाणारा, तापलेला पट्टा. तंतू त्याच्या कित्येक पट लांब, पातळ आणि शांत. पुलावर बोलण्यासारखं बरंच आहे. तंतूंबद्दल जपून बोलायला हवं.

रेडिओ लहरी नुसत्या चुंबकीय क्षेत्रातून येत नाहीत. क्षेत्र हवं आणि त्यात गिरक्या घेणारे, प्रकाशाच्या वेगाला जवळजवळ टेकलेले इलेक्ट्रॉनही हवेत. असा इलेक्ट्रॉन क्षेत्ररेषेभोवती फिरताना जी लहर सोडतो तिला सिंक्रोट्रॉन प्रारण म्हणतात. तापलेल्या वायूतले साधे इलेक्ट्रॉन यासाठी फार मंद पडतात. एक मायक्रोगॉसच्या क्षेत्रात १४० मेगाहर्ट्झची लहर निघायची असेल तर इलेक्ट्रॉनची ऊर्जा त्याच्या स्थिर वस्तुमानाच्या ऊर्जेच्या पाच-सहा हजार पट लागते. क्षेत्र याहून कमजोर असेल तर दहा हजार पट. बारावीच्या मुलांना हे गणित जमेल: वारंवारता हर्ट्झमध्ये, ऊर्जेचा गुणक ‘ग’ मानला तर वारंवारता साधारण ४.२ गुणिले ‘ग’चा वर्ग गुणिले मायक्रोगॉसमधलं क्षेत्र.

यातून एक अडचण निघते. रेडिओ चकाकी वाढली तर क्षेत्र जास्त आहे की इलेक्ट्रॉन जास्त आहेत, हे त्या एका चकाकीवरून सांगता येत नाही. चाळीस हजार लोकांनी एकेक रुपया दिला काय आणि चार हजारांनी दहा-दहा दिले काय, पेटीत रक्कम तेवढीच. त्यामुळे ‘रेडिओने क्षेत्र मोजलं’ असं कुणी लिहिलं तर दुसरी बाजू कुठून आणली हे आधी विचारायचं.

ते दिसलं कसं, याची गोष्ट १९५९ पासूनची. अरुंधती केश तारकासमूहातल्या कोमा या दीर्घिकासमूहाच्या मध्यावर एक पसरट रेडिओ डाग आहे, असं लार्ज, मॅथ्यूसन आणि हॅस्लॅम यांनी जॉड्रेल बँकच्या दुर्बिणीने दाखवलं. तो कुठल्या एका दीर्घिकेचा नव्हता, सगळ्या समूहभर पसरलेला होता. १९८९ मध्ये याच कोमाच्या परिसरात, समूहाच्या बाहेरच्या बाजूला, ३२६ मेगाहर्ट्झवर अंधुक पसारा दिसल्याचं प्रसिद्ध झालं. आपल्याकडेही हे काम झालंय. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या जॉयदीप बागची आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये झेडडब्ल्यूसीएल २३४१ या दीर्घिकांच्या लांबट रांगेवर पसरलेलं रेडिओ प्रारण दाखवून, एका तंतूत चुंबकीय क्षेत्र असल्याचा दावा केला. पुढे खोडदच्याच दुर्बिणीने बारकाईने पाहिल्यावर ते प्रारण मुख्यतः दोन धक्कालहरींच्या, म्हणजे वायूवर वायू आदळून उठणाऱ्या लाटांच्या, कमानींचं निघालं, म्हणजे आदळलेल्या समूहांचं. दावा बदलला तरी प्रारण खरं होतं. या विषयात बहुतेक वेळा असंच होतं.

आणि मग २०१९. मेष राशीत एबेल ३९९ आणि एबेल ४०१ असे दोन समूह आहेत, आपल्यापासून सुमारे १०० कोटी प्रकाशवर्षांवर. नोव्हेंबर-डिसेंबरात संध्याकाळी मेष चांगली वर आलेली असते, दिशा दाखवायला तेवढं पुरे. आकाशात त्या दोघांमधलं अंतर पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीपेक्षा जरासंच जास्त, प्रत्यक्षात सुमारे १ कोटी प्रकाशवर्षं. दोघांच्या मध्ये तप्त वायूचा पूल आहे हे प्लांक उपग्रहाने २०१३ मध्येच दाखवलं होतं. विश्वाच्या पार्श्वभूमीच्या सूक्ष्मतरंगांवर, म्हणजे महास्फोटानंतर उरलेल्या आणि आकाशभर पसरलेल्या लहरींवर, त्या वायूची छटा उमटली होती. तरी त्या पुलातून रेडिओ लहरी येत असतील असं कुणी छातीठोकपणे म्हणत नव्हतं. फेडेरिका गोवोनी आणि त्यांच्या गटाने नेदरलँड्समध्ये केंद्र असलेल्या लोफार या दुर्बिणीने १४० मेगाहर्ट्झवर पाहिलं, आणि दोन्ही समूहांना जोडणारा अंधुक पट्टा चित्रात उतरला. समूहांच्या मध्यावरचे दोन गोल डाग आणि त्यांच्या मधोमध हा पट्टा. चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बराच वेळ त्यातली चूक शोधत बसलो होतो. का ते पुढे सांगतो.

चित्र खरं मानलं की लगेच अडचण उभी राहते. इतक्या ऊर्जेचा इलेक्ट्रॉन फार काळ टिकत नाही. रेडिओ लहरी सोडून तो ऊर्जा घालवतो, पण त्याहून जास्त ऊर्जा तो सूक्ष्मतरंग पार्श्वभूमीच्या फोटॉनांना टकरी देण्यात घालवतो. या अंतरावर ती पार्श्वभूमी इलेक्ट्रॉनला ३.७ मायक्रोगॉसच्या क्षेत्राइतकीच महाग पडते. समजा पुलात क्षेत्र अर्धा मायक्रोगॉस आहे. खर्च क्षेत्राच्या वर्गाच्या पटीत असतो, म्हणजे पार्श्वभूमीवरचा खर्च रेडिओच्या पन्नासपटीहून जास्त. आपल्याला दुर्बिणीत दिसतो तो त्याच्या उधळपट्टीचा पन्नासावा हिस्सा. अशा इलेक्ट्रॉनचं आयुष्य भरतं वीसेक कोटी वर्षं, आणि तेवढ्यात तो गुंतागुंतीच्या क्षेत्ररेषांतून वाट काढत सरकतो फार तर ३ लाख प्रकाशवर्षं.

पूल १ कोटी प्रकाशवर्षांचा आणि पळण्याचा दम ३ लाखांचा. पणजी ते मडगाव तेहतीस-चौतीस किलोमीटर धरा. पणजीच्या बसस्टँडवरून निघालेला हा प्रवासी मेरशीचं जंक्शन गाठायच्या आत थकून बसणार. म्हणजे मडगावात कुणी नुकताच पणजीहून पळत आला, असं म्हणता येत नाही. तो तिथेच कुठेतरी, रस्त्याच्या कडेला, ताजातवाना झालेला असला पाहिजे.

मला या सगळ्या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. समूहांतून इलेक्ट्रॉन निघाले आणि पुलावर पसरले, हे स्पष्टीकरण चालत नाही. पुलावर जागोजागी, सगळीकडे, त्यांना पुन्हा ऊर्जा देणारं काहीतरी घडत असलं पाहिजे.

त्याचं रूप समजायला आपल्याकडचा एक देखावा कामाला येतो. काही रात्री मोरजीसारख्या किनाऱ्यावर लाटा निळसर चमकतात. समुद्रात नॉक्टिल्युका नावाचे सूक्ष्म जीव असतात, पाणी हललं की ते चमकतात. लाट फुटते तिथे निळी रेघ, पाय ओढला की पायामागे निळा माग, पाणी निवांत असेल तिथे काळोख. उजेड कुठून वाहत येत नाही. जीव सगळीकडे आधीच पसरलेले असतात, घुसळण होते तिथे ते दिसतात. पुलावरही, निदान माझ्या मते, असंच काहीसं आहे. मागच्या शेकडो कोटी वर्षांत दीर्घिकांच्या मध्यावरच्या कृष्णविवरांनी ओकलेले, आता थकून मंद झालेले इलेक्ट्रॉन त्या वायूत आधीपासून मुरलेले आहेत. दोन समूह जवळ येताना मधला वायू घुसळतो, आणि त्या घुसळणीत पिळल्या जाणाऱ्या क्षेत्ररेषा त्यांना हळूहळू पुन्हा वर ढकलतात. ब्रुनेत्ती आणि वाझ्झा यांनी २०२० मध्ये याचं सविस्तर गणित मांडलं. फरक इतकाच की नॉक्टिल्युका क्षणात चमकतो. इलेक्ट्रॉनला वर यायला कोट्यवधी वर्षं लागतात.

दुसरा पर्याय धक्कालहरींचा: कमजोर धक्के, पण पुष्कळ, आणि आधीच थोडीफार ऊर्जा असलेल्या इलेक्ट्रॉनांवर. गोवोनींच्या गटाने संगणकावर हाच करून पाहिला होता. माझा कल घुसळणीकडे आहे, आणि त्याला एक कारण आहे. घुसळण हा ढिला मार्ग आहे, तो इलेक्ट्रॉनांना फार वरच्या ऊर्जेपर्यंत नेऊ शकत नाही. त्यामुळे वारंवारता वाढवत गेलं तर पुलाची चकाकी झपाट्याने पडायला हवी. तशी ती पडतेच. लोफारला १४० मेगाहर्ट्झवर जो पूल दिसतो, तो दुप्पट-तिप्पट वारंवारतेवर शोधताना घाम फुटतो. एबेल १७५८ मध्येही दोन उपसमूहांच्या मध्ये असाच पूल लोफारलाच सापडला, २०१८ मध्ये पुसटसा आणि २०२० मध्ये नीट. त्याच्या आधी तिथे पाहणाऱ्यांचे डोळे अधू नव्हते, वारंवारता जास्त होती.

आता त्या चित्रात मी चूक का शोधत होतो ते.

खोडदची दुर्बीण म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या. चौदा मधल्या चौकात दाटीने, बाकीच्या सोळा इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन रांगांत, पंचवीसेक किलोमीटरवर पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांनी कमी खर्चात मोठी थाळी उभी करायची जी युक्ती काढली, पातळ तारांच्या जाळीचा पृष्ठभाग, ती तिथे जाऊन बघण्यासारखी आहे. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला लोकांसाठी दुर्बीण उघडी असते, वर्गाची सहल काढाच. अशा दुर्बिणीत थाळ्यांच्या प्रत्येक जोडीतून एक मोजमाप निघतं. दूरच्या जोड्या बारीक तपशील पकडतात, जवळच्या जोड्या मोठे पसारे. आणि थाळ्या एकमेकींना चिकटवून ठेवता येत नाहीत, म्हणून एका मर्यादेपेक्षा मोठा पसारा दुर्बिणीला दिसतच नाही. चाळणीचं उलट समजा: बारीक खडे राहतात, मोठा धोंडा निसटतो. खोडदला १५० मेगाहर्ट्झवर ही मर्यादा ६८ कलांची आहे (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे चंद्राच्या दुपटीहून थोडी जास्त. ६१० मेगाहर्ट्झवर ती १७ कलांवर येते. मेषेतल्या त्या दोन समूहांमधला पल्ला ३६ कलांचा. म्हणजे ६१० वर कितीही तास दुर्बीण रोखून ठेवली तरी तो अखंड पसारा हातातून जातो. ‘दिसला नाही’ आणि ‘नाही’ यांतला फरक या विषयात रोज जपावा लागतो.

दुसरा त्रास मधल्या दीर्घिकांचा. पूल म्हणून जो पट्टा बघायचा, त्यातच डझनावारी साध्या रेडिओ दीर्घिका असतात, आणि त्या पुलापेक्षा कितीतरी तेजस्वी. त्या काढून टाकल्याशिवाय पूल दिसत नाही, आणि काढताना हात थोडा जड झाला तर पूलही जातो. हलका झाला तर नसलेला पूल दिसतो. रीत अशी: आधी फक्त दूरच्या जोड्यांचा डेटा घेऊन एक धारदार चित्र करायचं, त्यात फक्त बारीक स्रोत येतात. त्या स्रोतांचा नमुना करून मूळ मोजमापांमधून वजा करायचा. मग उरलेल्या डेटातून मुद्दाम भरड चित्र काढायचं, म्हणजे अंधुक पसारा एकत्र येऊन वर दिसतो.

माझा पूल इथेच बुडाला. नोकरीच्या मधल्या काळात मला दोन समूहांच्या मध्ये सहा-सात कला लांबीचा सुरेख पट्टा सापडला होता. तीन आठवडे मी हवेत होतो. गोव्याहून नेलेलं दोदोल कँटीनमध्ये वाटूनही झालं. मग एका ज्येष्ठ सहकाऱ्याने चित्र बघून दोनच प्रश्न विचारले. क्ष-किरणांत तिथे वायू दिसतो का? आणि त्या दोन दीर्घिकांची शेपटं वजा केलीस का? समूहाच्या वायूतून पोहत जाणाऱ्या काही दीर्घिकांच्या मागे रेडिओचा लांब माग राहतो, त्याला आम्ही शेपूट म्हणतो. मी दीर्घिकांची डोकी वजा केली होती, अंधुक शेपटं तशीच राहिली होती, आणि नशिबाने दोन शेपटं एका रेषेत आली होती. पुन्हा नीट काम केल्यावर माझ्या पुलाच्या जागी उरला फक्त गोंगाट. पट्टा दोन दिवसांत गेला. दोदोलची आठवण मात्र कँटीनमध्ये पुढची दोन वर्षं निघत होती.

याशिवाय आयनांबर आहे, म्हणजे वातावरणाचा वरचा, विद्युतभारित कणांचा थर. कमी वारंवारतेच्या लहरी आपल्या डोक्यावरच्या आयनांबरातून येताना वाकतात, आणि आपण भूचुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ असल्याने सूर्यास्तानंतर, विशेषतः मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास, ते फार चंचल होतं. विजेच्या तारांवरच्या ठिणग्याही १५० मेगाहर्ट्झवर डेटात घुसतात. पावसाळ्यात रस्त्यावरच्या खांबावर जे चरचरतं ना, त्याच्या लहरी आमच्या दृष्टीने एबेल ३९९ पेक्षा कोट्यवधी पटींनी तेजस्वी.

म्हणून २०१९ च्या चित्रात मी आधी शेपटं शोधली. काही दीर्घिका मध्ये आहेतच, पण त्या काढूनही पट्टा उरतो, आणि प्लांकचा वायूचा पूल नेमका तिथेच आहे. त्यानंतर इतरांनीही तो जास्त खोलवर पाहून कायम केला. माझं समाधान झालं.

लांब तंतूंबद्दल माझं तेवढं समाधान झालेलं नाही. एकेक तंतू इतका अंधुक असतो की आजच्या कुठल्याच दुर्बिणीला तो एकटा दिसत नाही. म्हणून टेसा व्हर्नस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये वेगळी वाट धरली: एकमेकींच्या जवळ असलेल्या तेजस्वी लाल दीर्घिकांच्या ३ लाख ९० हजारांवर जोड्या घ्यायच्या, प्रत्येक जोडीचं रेडिओ चित्र फिरवून, ताणून एकाच मापात बसवायचं, आणि सगळी एकावर एक रचून सरासरी काढायची. दीर्घिकांच्या मधल्या जागेत सरासरीत थोडी जास्तीची चकाकी उरली, आणि त्यावरून क्षेत्र ३० ते ६० नॅनोगॉस असावं असा अंदाज बांधला गेला. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या दुसऱ्या गटाने अशीच रचना जास्त चांगल्या डेटावर करून पाहिली आणि त्यांना ती चकाकी मिळालीच नाही. मग २०२३ मध्ये व्हर्नस्ट्रॉमच्या गटाने ६ लाखांवर जोड्या घेऊन चकाकीऐवजी ध्रुवण तपासलं, म्हणजे लहरींची कंपनदिशा एकसारखी आहे का ते. ध्रुवण मिळालं, आणि चांगलं तगडं. तंतूंच्या कडांवर वायू आदळताना होणाऱ्या धक्क्यांतून असं ध्रुवण यायला हवं. चकाकीपेक्षा ध्रुवणाचा पुरावा मला जास्त पटतो, कारण साध्या दीर्घिकांची उरलीसुरली घाण ध्रुवणात फारशी येत नाही. तरी वर्गात सांगताना ‘सापडलं’ म्हणण्यापेक्षा ‘खुणा मिळाल्या’ म्हणा.

क्षेत्र मोजायची आणखी एक रीत आहे आणि ती चकाकीवर मुळीच अवलंबून नाही. दूरच्या रेडिओ दीर्घिकेची ध्रुवित लहर चुंबकीय वायूतून येताना तिची कंपनदिशा फिरते, आणि तरंगलांबीच्या वर्गाच्या प्रमाणात फिरते. याला फॅराडे परिभ्रमण म्हणतात. दोन-चार तरंगलांबींवर कोन मोजला की वाटेत किती इलेक्ट्रॉन आणि किती क्षेत्र लागलं यांचा गुणाकार हातात येतो. तंतूंसाठी हा आकडा इतका लहान येतो की आपल्या स्वतःच्या आकाशगंगेचा वाटा त्यातून काढणं हेच मुख्य काम होऊन बसतं. एत्तोरे कारेत्ती आणि सहकाऱ्यांनी लोफारच्या मोजमापांवरून २०२२ मध्ये तंतूंतलं सरासरी क्षेत्र ३२ नॅनोगॉसच्या आसपास असल्याचं मांडलं. दोन अगदी वेगळ्या वाटांनी आकडे एकाच परिसरात येतात, ही गोष्ट मला त्या चकाकीच्या वादापेक्षा जास्त धीर देते.

पहिल्या प्रश्नाचा उरलेला अर्धा भाग: हे क्षेत्र मुळात आलं कुठून. एक मत असं, की विश्वाच्या अगदी सुरुवातीलाच फार कमजोर क्षेत्र सगळीकडे होतं आणि वायू गोळा होताना ते दाटत गेलं. दुसरं मत असं, की दीर्घिका आणि कृष्णविवरं यांनी नंतर ते वाऱ्यांसोबत बाहेर फेकलं. ‘पण काहीच नसताना सुरुवात कशी होणार’ असं मुलं विचारतील. त्याला लुडविग बिअरमन यांनी १९५० मध्ये उत्तर दिलंय: वायूत दाब आणि घनता वेगवेगळ्या दिशांनी बदलत असतील तर जड प्रोटॉन मागे राहतात, हलके इलेक्ट्रॉन सरकतात, प्रवाह तयार होतो, आणि प्रवाहाभोवती क्षेत्र. नगण्य, पण शून्य नव्हे. कृष्णविवरांचे वारे तंतूंच्या सगळ्या कानाकोपऱ्यांत पोचले असतील हे मला जड जातं, त्यामुळे मी पहिल्या मताकडे झुकतो. पैज मात्र लावणार नाही.

आता होकायंत्र. शाळेतली सुई हलकेच ढकलली की ती उत्तर दिशेच्या आजूबाजूला झुलते, एका झोक्याला साधारण एक सेकंद. हा झोक्याचा काळ क्षेत्राच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. क्षेत्र चौपट कमी केलं तर झोका दुप्पट संथ. इथे ०.४ गॉस, पुलात समजा ०.३ मायक्रोगॉस. म्हणजे क्षेत्र सुमारे १३ लाख पटींनी कमी. १३ लाखांचं वर्गमूळ ११५० च्या जवळपास. एका सेकंदाचा झोका तिथे एकोणीस-वीस मिनिटांचा होईल. तीस नॅनोगॉसच्या तंतूत नेली तर तासाभराचा. मी कोट्यवधी वर्षांचं उत्तर धरून बसलो होतो आणि निघाला एक तास! मुलांना वर्गात सुई आणि स्टॉपवॉच देऊन आधी इथला झोका मोजायला लावा. मग गुणाकार त्यांचा तेच करतील.

सुई हलेल, पण थांबणार नाही. आपली सुई स्थिरावते ती टेकणाच्या घर्षणामुळे आणि हवेमुळे, काही यंत्रांत तेलामुळे. अधांतरी सोडलेल्या सुईला तिथे यातलं काहीच मिळणार नाही, टाकीभर जागेत काही शे कण तेवढे. ती वीस-वीस मिनिटांनी इकडून तिकडे झुलत राहील, आणि दिशा हवी असेल तर झोक्याची दोन टोकं टिपून मध्य काढावा लागेल. तो मध्यही काही लाख प्रकाशवर्षं पुढे गेलात की भलतीकडेच असेल.

एवढ्या संथ झोक्याला सुई कशी टांगायची, आणि अंतराळयानाच्या स्वतःच्या लोखंडापासून तिला किती लांब ठेवायची, हे दोन प्रश्न मी तुमच्या वर्गासाठी मुद्दाम सोडतोय. सोडवले तर कळवा. डिचोलीत आलो की प्रत्यक्ष बोलू.